बिनकाट्याचा मासा

आमच्या घरात मासा रेल्वेने यायचा. बाबा सिकंदराबादच्या पार्सल ऑफिसात होते, आणि काकिनाड्याकडून बर्फात घातलेल्या टोपल्या कुठल्या गाडीने उतरणार हे त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं ठाऊक असायचं. हैदराबादला तलाव भरपूर, समुद्र नाही. इथली माणसं तळ्यातला मरळ आवडीने खातात, पण बाबा मूळचे मालवणकडचे, त्यांना तळ्यातला मासा म्हणजे चिखल खाल्ल्यासारखं वाटायचं. ओली, ठिबकणारी गोणपाटाची पिशवी सायकलच्या हँडलला लटकवून ते अंबरपेठच्या आमच्या गल्लीत शिरले की गल्लीतली झाडून सगळी मांजरं उठून मागे चालू लागायची. शेजारच्या रेड्डी आंटी गॅलरीतून ओरडायच्या, "पाटकर साब, बारात आली वाटतं!" आणि बाबा सायकलवरूनच सलाम ठोकायचे.

आई मात्र नांदेडकडची. ज्वारी, तूर आणि म्हशी असलेल्या घरातली. तिच्या माहेरी मासा विहिरीत असायचा, पाणी साफ ठेवायला. तो खायचा असतो हे तिला लग्नानंतर कळलं. पण शिकली. अशी शिकली की मालवणहून येणाऱ्या आमच्या कमलआत्या, ज्या कोणाच्याही स्वयंपाकाला सहसा बरं म्हणत नसत, त्या आईच्या हातचं माशाचं तिखलं खाऊन नुसत्या गप्प बसायच्या. आमच्यात तेच मोठं सर्टिफिकेट होतं. कोकम नसलं तर आई चिंच घालायची, इथल्यासारखा कढीपत्ता टाकायची, आणि बाबा दर वेळी म्हणायचे, "हे मालवणी नाही, हे निजामी आहे," आणि दर वेळी भात परत मागून घ्यायचे.

एरवी आमच्याकडे आई सगळ्यांचं झाल्यावर जेवायची. त्या काळच्या बायका जेवायच्या तशीच. पण माशाच्या दिवशी बाबा तिला बसवून घ्यायचे. "बस ग तू, आम्हाला काय हात नाहीत?" मग आम्ही चौघं स्वयंपाकघरात जमिनीवर गोल करून बसायचो, मध्ये कालवणाचं पातेलं. बाबांचं मासा खाणं बघण्यासारखं असायचं. एकीकडे ऑफिसातल्या गमती सांगणं चालू, कोणाचं आंब्याचं पार्सल कोणाच्या लग्नाला गेलं वगैरे, आणि एकीकडे बोटं आपलं काम करत असायची. ताटाच्या कडेला काट्यांची बारीक रास, आणि पांढराशुभ्र तुकडा कधी माझ्या ताटात, कधी विलासदादाच्या, कधी आईच्या. आम्ही मोठे झाल्यावर आमच्या ताटात तुकडा येणं बंद झालं. आईच्या ताटात चालू राहिलं. नवरे असेच असतात असं मी समजून चालले होते. माझं लग्न झाल्यावर कळलं की अजिबात नसतात.

काट्यांवरून बाबांची ठाम मतं होती. कोणी कौतुकाने एखाद्या बिनकाट्याच्या माशाचं नाव घेतलं की ते म्हणायचे, "ज्याला काटे नाहीत त्याला मी मासा मानत नाही. ती भाजी." पुढे जे झालं त्यात हे वाक्य कामाला आलं, म्हणून इथे सांगून ठेवते.

बाबा गेले ते एकाएकी. ऑफिसातून आले, चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत नव्हते. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, मला अजून ते जमत नाही. सुतक संपलं, पाहुणे पांगले, आणि काही दिवसांनी कमलआत्या म्हणाल्या, आता घरात मासा शिजला पाहिजे, माझ्या भावाला आवडायचा, पोरांनी असं कोरडं किती दिवस खायचं. आत्यांनीच आणला, आईने केला. सगळ्यांना वाढलं. आत्यांनी हाताला धरून तिलाही बसवलं. आईने ताटातल्या तुकडीकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग ती तुकडी उचलून दादाच्या ताटात घातली आणि नुसता भात-आमटी घेतली. आत्यांना हुंदका आला. "बघा रे," त्या आम्हाला म्हणाल्या, "माझ्या भावासाठी मासा सोडला हिने. अशी बाई शोधून सापडायची नाही." आपल्याकडे गेलेल्या माणसाची आवडती वस्तू सोडतातच, कोणी वांगं सोडतं, कोणी आंबा. आत्यांनी ही गोष्ट मालवणपर्यंत पोचवली. आईला नातेवाइकांत नवीनच मान मिळाला, आणि आमच्या घरात आई मासा रांधते पण खात नाही हे पक्कं झालं.

रांधायची मात्र तशीच. चव घेऊन बघत नसे. पातेल्यावर वाकायची, वाफ नाकाशी घ्यायची आणि म्हणायची, "मीठ कमी आहे." खरंच कमी असायचं. पण आम्हाला जेवायला वाढून ती दाराच्या उंबऱ्याशी जाऊन बसायची, पाठ करून.

ते दिवस असे होते की शहरात रोज काहीतरी नवीन उगवायचं. गच्चीगच्चीवरून केबलच्या वायरी लोंबायला लागल्या होत्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ, आणि बंजारा हिल्सच्या बाजूला हॉटेलं, ज्यांच्या दारातल्या दरबानालाच आम्ही साहेब समजत होतो. दादा हॉटेलची लाइन शिकला आणि असल्याच एका हॉटेलच्या किचनमध्ये लागला. परदेशी कंपन्यांची माणसं यायला लागली होती, त्यांना तिखट नको, मसाला नको, सगळं उकडलेलं नाहीतर भाजलेलं हवं. दादा घरी येऊन नकला करायचा. आई हसता हसता म्हणायची, "काय की बाई, आजाऱ्यांचं जेवण जेवायला इतक्या लांबून येतात!" आणि मग एक दिवस दादाला परदेशी प्रवासी जहाजावरची नोकरी लागली. स्वयंपाकीच, पण डॉलरमधली. एकदा गेला की वर्षभर येणं नाही.

जायची तयारी सुरू झाली तसा दादा चिडचिडा झाला. एकदा मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तर आला आणि म्हणाला, "शैले, मी जायच्या आधी आईने मासा खाल्ला पाहिजे. माझ्या हातचा." मी म्हटलं, तिचा नेम आहे, मोडू नये. तो म्हणाला, "मी नसताना ती तशीच उंबऱ्याशी बसलेली मला दिसत राहील. जहाजावर रोज हजार माणसांना मासा वाढायचा आणि माझी आई अशी? मला नाही जमणार." त्याचा आवाज फुटला. दादा रडणाऱ्यातला नव्हता, बाबांच्या वेळीही मान खाली घालून सगळी कामं करत होता. मी चिमटे लावत राहिले, पण मनातून मलाही तेच हवं होतं.

जायच्या आधीच्या रविवारी तो हॉटेलातून थर्माकोलचा डबा घेऊन आला. आत बर्फ, बर्फात प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमध्ये सॅमन. कुठल्यातरी पाहुण्यांसाठी विमानाने आलेला, त्यातला एक मोठा तुकडा त्यांच्या हेडशेफने दादाला निरोप म्हणून दिला होता. आई आणि मी वाकून बघितला. डोकं नाही, शेपूट नाही, वर पांढऱ्या रेघा आणि रंग चक्क नारिंगी. "ह्याला रंग लावलाय का?" आईने विचारलं. आता माझी मुलगी कोंडापूरच्या फ्लॅटमध्ये हाच सॅमन मोबाइलवर मागवते आणि ओव्हनमध्ये टाकून ऑफिसच्या मीटिंगला बसते. तेव्हा आम्ही त्याच्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसं सगळ्या बाजूंनी बघत होतो.

दादाने ऑर्डरी सोडायला सुरुवात केली. लोणी पाहिजे. आईने सकाळीच ताक घुसळलं होतं, लोण्याचा गोळा पाण्यात तरंगत होता, दिवेलागणीला कढवायचा होता. तो त्याने उचलला. लसूण, मिरपूड, लिंबू. आणि मग म्हणाला, "डिल आणलंय," आणि कागदाच्या पुडीतून जुडी काढली. आईने जुडी नाकाला लावली आणि कपाळावर हात मारला. "अरे, ही तर शेपू! सकाळी दारावर बाई ओरडत गेली, सोयकूर, सोयकूर म्हणून. हॉटेलातून कशाला आणलीस? आणि माशात शेपू? तुझ्या बापाने ताट भिरकावलं असतं." बाबांनी आयुष्यात कधी ताट भिरकावलं नव्हतं, पण आई खुलली होती हे मला दिसत होतं. तिने ती शेपू स्वतः निवडली, अगदी बारीक चिरली. दादाने लोणी, ठेचलेला लसूण, मीठ, मिरपूड आणि शेपू एकत्र कालवून अर्धं माशावर थापलं, अर्धं वाटीत बाजूला ठेवलं. "झालं?" आईने विचारलं. "झालं." "हळद नाही, तिखट नाही, चिंच नाही?" "नाही." "ह्याचे डॉलर देतात?"

आता प्रश्न भट्टीचा. आमच्याकडे ओव्हन कुठला! पण अंबरपेठेत कोणाकडेच नव्हता आणि कोणाचं अडतही नव्हतं, कारण बेकरी होती. दिवाळीच्या आधी आम्ही रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचो आणि डबे भरून बिस्किटं भाजून आणायचो. ईदला दुसऱ्या गल्लीतल्या बायका यायच्या, नाताळात तिसऱ्या. तेव्हा दादाने मासा ॲल्युमिनियमच्या ताटात ठेवला, वर चांदीचा कागद घट्ट लावला आणि आम्ही दोघं निघालो. बेकरीवाल्या चाचांनी कागदाचा कोपरा उचलला आणि दोन पावलं मागे सरकले. "मच्छी? मेरी भट्टी में? शाम कू बिस्किटां में से बास आई तो लोगां मेरेकू नै छोडते!" दादाने समजावलं की पाव निघून गेलेत, बिस्किटं अजून लागायची आहेत, मधल्या वेळात भट्टी मंद असते, ह्याला तेवढीच धग हवी, आणि कागद घट्ट आहे. चाचा मान हलवत राहिले. मग दादा म्हणाला, "चाचा, मैं जारहूं. अम्मा कू खिलाके जाना है." चाचांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि लांब दांड्याच्या फळीवर ताट ठेवून भट्टीत सरकवलं. आम्ही बाहेर फळकुटावर बसलो. थोड्या वेळाने लोणी आणि लसणाचा असा वास सुटला की पाव घ्यायला आलेला एक मुलगा विचारू लागला, नवीन काय केलंय. चाचा खेकसले, "कुछ नै, आगे बढो."

घरी आलो तेव्हा आईने भात टाकला होता. दादाने वाटीतलं उरलेलं लोणी अगदी मंद आचेवर वितळवलं, वर लिंबू पिळलं. पिवळसर, हिरवे ठिपके असलेली ती सळसळीत चटणीवजा वस्तू त्याने माशावर ओतली. मासा आता फिकट गुलाबी झाला होता आणि बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. त्याने तीन ताटं वाढली. आईने आपलं ताट बघितलं आणि उठायला लागली.

"आई, बस," दादा म्हणाला.

"तुम्ही खा बाळा. मला नको."

"बाबाच म्हणायचे ना, काटे नसतील तर तो मासा नाही, भाजी? मग ही भाजी आहे. शेपूची भाजी. खा."

मला हसू आलं, आईलाही येत होतं, पण ती पदर सावरून उभीच राहिली. मग दादाचा तोल गेला. "तुला बाबांसाठी सगळं करता येतं! मी जिवंत आहे, मी चाललोय, माझ्यासाठी एक घास होत नाही?" मला वाटलं, आता आई रडणार, आणि हा असाच भांडून जाणार.

आई सावकाश खाली बसली. ताटाकडे बघत तिने विचारलं, "खरंच काटे नाहीत?"

"एकही नाही. चिमट्याने एकेक काढलाय मी."

तिने एक तुकडा मोडला. अंगठा आणि दोन बोटांत धरून दाबला, फिरवला, पुन्हा दाबला. एवढा वेळ चाचपला की त्याचा पार भुगा झाला. मग तोंडात घातला आणि डोळे मिटून, जीभ फिरवत, भीत भीत चावला. गिळला. आणि डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

दादा घाबरला. "आई, चुकलं माझं. तुझा नेम मोडला मी."

"कसला नेम रे," आई म्हणाली. "मला काटे काढता येत नाहीत."

आम्हाला कळेचना. मग तिने सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मालवणला सासरी जेवताना तिच्या घशात काटा अडकला. डोळे पांढरे झाले, आणि पंगतीतल्या सगळ्या बायका हसल्या, घाटावरची आहे म्हणून. बाबांनी सुक्या भाताचे गोळे गिळायला लावून काटा उतरवला, आणि त्या दिवसापासून तिच्या ताटात कधी काटा येऊ दिला नाही. म्हणून तिला बरोबर बसवायचे. कोणाला कळू नये म्हणून आमच्याही ताटात वाढायचे. "शिकायची गरजच पडली नाही मला. मग ते गेले. त्या दिवशी आत्यांनी तुकडी वाढली आणि मी बघत बसले, हिला आता कुठून हात लावू? भीती वाटली रे. आणि आत्या रडायलाच लागल्या, सोडला म्हणून. सगळे कौतुक करायला लागले. आता मी काय सांगू त्यांना? काट्याला भ्याले म्हणून?"

"अग पण आम्हाला सांगायचंस!" मी ओरडलेच.

"तुम्ही तर जास्तच मान द्यायला लागला होतात," आई म्हणाली, आणि हसली. मग आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता माझं रडू आवरेना, कारण उंबऱ्याशी पाठ करून बसलेली ती बाई मला पुन्हा सगळ्या दिवसांसकट दिसत होती. माशावर जीव होता तिचा. आणि आम्ही शेजारी बसून खात होतो.

आईने पूर्ण तुकडा खाल्ला. लोण्यात भात कालवूनही खाल्ला. दादा परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा बघत होता. "कसा आहे?"

"चांगला आहे. मऊ आहे. शेपू वाटली तितकी वाईट नाही." मग ताटाच्या रिकाम्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली, "पण ह्यात काढून द्यायला काही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा बाजारात गेला आणि रोहू घेऊन आला, तळ्यातला, बाबांनी घरात घेतला नसता असा, काट्यांनी खच्चून भरलेला. आईने चिंच घालून कालवण केलं. दादा तिच्या शेजारी मांडी घालून बसला आणि हॉटेलात शिकलेल्या त्या सफाईदार बोटांनी एकेक दुतोंडी काटा शोधत राहिला. घाम आला त्याला. आई वाट बघून कंटाळली. "तुझे बाबा बोलता बोलता काढायचे. तू तर घड्याळ दुरुस्त करतोयस." पण ताटात आलेला प्रत्येक तुकडा ती न चाचपता तोंडात टाकत होती. हे दादाने बघितलं का मला माहीत नाही. मी बघितलं.

तो गेला. मुंबईच्या गाडीत बसला तेव्हा खिडकीतून मला एवढंच म्हणाला, "आता तू." मी मान हलवली. त्यानंतर आई होती तोवर ते काम माझ्याकडे राहिलं. लग्न होऊन सिकंदराबादला गेले तरी मासा असला की ती मला फोन करून बोलवायची. मुलगी आजही हसते मला, कारण तिच्या ओव्हनमधला सॅमनसुद्धा मी आधी बोटांनी दाबून बघते. बोनलेस आहे ग आई, म्हणते. असेल. माझी बोटं आता ऐकत नाहीत.

दादाचा पहिला फोन आला तो कुठल्याशा बंदरातून, रेड्डी आंटींकडे. त्यांनी गॅलरीतून हाक मारली तशी आम्ही दोघी अनवाणीच पळालो. फोन मी घेतला. लांबून, खरखरीतून आवाज आला, "शैले, लवकर बोल, पैसे पळतायत. घरात मासा झाला?"

"झाला. परवाच."

"काटे कोणी काढले?"

"मी."

तेवढ्यात आईने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. नीट जेवतोस का, थंडी आहे का, झोपायला जागा कशी आहे, सगळं विचारायचं म्हणून ती दोन आठवडे पाठ करून बसली होती. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि समुद्रापर्यंत पोचावं म्हणून मोठ्याने ओरडली, "विलास, ही लई हळू काढते रे! माझा भात गार होतो. तू ये."